तार काढल्यावर उमटलेला अंगठा

या सदरातले अनुभव वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न यायचा – माणूस नीट जागा होता का, आणि लॉग, म्हणजे मशीनची आपोआप होणारी नोंद, कुठे आहे? भूतबीत मी कधी मानलं नाही. धंदाच तसा आहे माझा. आता मात्र लॉग माझ्याजवळ आहे, मी पूर्ण जागा होतो, भर दुपार होती... आणि तरी सांगता येत नाही.

मी अमडापूरचा. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. काम म्हणजे ड्रायव्हर – मशीन आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाष्या म्हणा. दुसऱ्यानं त्यात केलेली दुरुस्ती, म्हणजे पॅच, तपासायचा आणि 'घ्या' किंवा 'नको' सांगायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला झुबेदाचाची राहायची. मणेरीण. आईला बांगड्या भरायच्या तर तिनंच. नवरा शाळेत शिपाई होता. तो गेल्यावर चाचीला त्याची पेन्शन मिळायची. त्यासाठी दरवर्षी गावातल्या ऑनलाइन कामांच्या सेंटरवर हयातीचा दाखला – म्हणजे मशीनवर अंगठा ठेवून आपण जिवंत आहोत हे पटवून द्यायचं. मागच्या खेपेला मशीनला पटेना. 'ठसा जुळला नाही.' परत ठेवा. 'ठसा जुळला नाही.' सेंटरवाला म्हणाला, बांगड्या भरू-भरू तुमच्या रेघाच झिजल्या, बँकेत जा. बँकेनं परत सेंटरवर पाठवलं.

चाची आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि आईला म्हणाली, "दिवा लागते वहिनी, अंगठा ठेवला का बुझते. आन मंग म्हंते तू तू नाहीस. आता मी कोन हाय, हे कोनाले इचारू?"

हसत म्हणाली. आम्हीही हसलो.

पेन्शन बंद झाली. चाचीनं बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड केल्या, मग सोडल्याच. मुलाला, रफीकला, कळू दिलं नाही. एका सकाळी ती अंगणात पडली, ती उठलीच नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

यंदा माझ्याकडे एक पॅच आला. अंगठ्याच्या मशीनच्या ड्रायव्हरचा. त्यासोबत तसलं एक कोरं मशीनही कंपनीनं पाठवलं. पॅच लहानसाच. लिहिणाऱ्यानं सरळ लिहिलं होतं – ठसा घेताना यूएसबीची तार क्षणभर जरी सुटली, तरी जुना ड्रायव्हर 'मशीन निघालं' असं सांगतच नाही. वाईट ठसा आला म्हणून कॉम्प्युटरला कळवतो. मग स्क्रीनवर दिसतं, 'ठसा जुळला नाही'.

मी ते वाचलं आणि खुर्चीतून उठलो. दिवा लागते, बुझते... चाचीनं अख्खा बग, म्हणजे ड्रायव्हरमधला दोष, सांगितला होता, आमच्या ओट्यावर बसून. रेघा झिजल्या नव्हत्या. सेंटरचं सॉकेट सैल होतं, अंगठा दाबला की तार सुटायची.

संताप आला, पण काम तर करायचंच होतं. पॅच लावला, मशीनवर माझा अंगठा ठेवला आणि मधेच तार उपटली. लॉगमध्ये बरोबर ओळ आली – मशीन निघालं. पॅच ठीक होता. मशीन एका हातात, तार दुसऱ्या हातात.

आणि स्क्रीनवरची, ठसा दिसतो ती खिडकी भरायला लागली.

वरून खाली, सावकाश, एक ठसा उमटला. माझा नव्हे. रेघा पुसट, आणि मधून तिरपी पांढरी चीर. मी बघतच राहिलो. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिला मी काय करतोय याची काही कल्पना नव्हती. तिनं कप ठेवला, स्क्रीनजवळ वाकली.

"हा तं झुबेदाचा अंगठा हाय," ती म्हणाली. "काच घुसली होती तिच्या, माह्या हातात चुडा भरतानी. मीच हळद दाबली. तुयाजवळ कसा काय आला?"

फोटो काढायला मोबाईल उचलला तोवर खिडकी काळी झाली.

मेमरीत जुनं काही उरलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो. पण त्या मशीनवर माझ्याशिवाय कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि चाचीला जाऊन तोवर बरेच महिने झाले होते. नंतर दिवसभर तार काढ-घाल केली. परत काही आलं नाही. लॉगमध्ये 'मशीन निघालं' ही ओळ आहे, त्यानंतर काहीच नाही.

पॅचला मी 'घ्या' म्हटलं. कंपनीतल्या वरिष्ठांचं उत्तर आलं – ड्रायव्हरची दुरुस्ती घेतो, पण लोकांना दिसणारी ओळ तीच राहू द्या, उगाच गोंधळ होतो. म्हणजे 'ठसा जुळला नाही' हे तसंच राहिलं. मी भांडलो. काही झालं नाही.

रफीकचं बांगड्यांचं दुकान आहे. जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो डबे लावत होता, थांबला नाही.

"तार काढल्यावर आला ठसा?"

"हो."

"आन अम्मी सोता जाऊन बसत होती, तेव्हा काऊन नाही आला बे?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं. सैल सॉकेट, आणि कोणीतरी आळसानं लिहिलेली एक ओळ. मी ते त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि गिऱ्हाईकाकडे वळला.

तार काढल्यावर तो ठसा कुठून आला, हे मला आजही माहीत नाही. पण मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. जे कळलं, त्यामुळे लागत नाही.