खालच्या आयरिश बाईंच्या कॅसेटी

मॅचवर एवढा जीव टाकून मॅच कधीच न बघणारी बाई जगात एकच असेल, आणि ती नेमकी जपानात, सेंदाईत, आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. बाई आयर्लंडच्या. नवरा जपानी होता, तो वारला, पण बाई तिथंच राहिल्या, मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. साठीच्या असतील. उंची दाराएवढी आणि गाल असे लाल की आत्ताच कुणीतरी चापट मारलीय. त्यांच्या देशात एक खेळ आहे, हातानं पण खेळायचा आणि पायानं पण. त्यांच्या जिल्ह्याच्या टीमच्या मागं कुणीतरी वर्षभर कॅमेरा घेऊन फिरलेलं, चिखलातली प्रॅक्टिस, बसमधली गाणी, कपडे बदलायच्या खोलीतली आरडाओरड, सगळं टिपलेलं. असल्या कॅसेटी बाईंचा भाऊ तिकडून पाठवायचा. एका टीमची झाली की दुसऱ्या टीमची. बाई बघायला बसल्या की जेवणखाण विसरायच्या, पण पोरं खोलीतून बाहेर पडून मैदानाकडं धावली रे धावली की खट्, बंद!

"अहो बाई, पुढं? जिंकले का?"

"पुढचं सगळ्या जगानं बघितलंय," बाई म्हणायच्या. "आपण आतलं बघायचं."

ते जिंकले का हरले, मला अजून माहीत नाही.

आता बाई हे सगळं मराठीत थोडंच बोलायच्या, इंग्रजी, जपानी आणि हात असं मिसळून बोलायच्या आणि मी माझ्या मराठीत लावून घ्यायची. माझी नववी झालेली, तीही दोन धक्क्यांत. हे माझे सख्खे आतेभाऊ, लहानपणीच ठरलेलं, पण हे शिकत गेले, शिकत गेले आणि थेट जपानला धातूंवर संशोधन करायला पोचले, आणि मागनं मी आणि तीन वर्षांची छकुली. मला तिथं कशाची भीती वाटायची ते विचारू नका, कशाची नाही ते विचारा. दार आपोआप उघडलं की मी मागं उडी मारायची. आंघोळीचं मशीन बाईच्या आवाजात बोलायचं, त्याला मी पदर सावरून उत्तर द्यायची. घंटी वाजली की छकुलीच्या तोंडावर हात ठेवून जमिनीवर पालथी पडायची, म्हणजे घरात कुणी नाही असं वाटावं, आणि छकुली हाताखालून जोरात विचारायची, "आई, आपण कुठं गेलोय?"

शेवटी हे कंटाळले. म्हणाले, "अगं, पोरगी घरात बसून मुकी होईल. नोव्हेंबरात बालवाडीची मुलाखत आहे, आईला घेऊन मुलाखत असते. मी प्रयोग सोडून येऊ शकत नाही. घेतलं तर उत्तम. नाहीतर मार्चमध्ये तुम्ही दोघी आईकडं जा, माझं इथलं संपलं की मी येतोच." त्यांचं संपायला तीन वर्षं होती. आत्या माझी जीव लावणारी आहे, पण तीन वर्षं नवरा नुसता फोनवर, आणि गावात सगळे म्हणणार, बघा, परत पाठवली. माझी झोप उडाली.

बाईंशी ओळख झाली ती माझ्या लग्नाच्या कॅसेटमुळं. मी ती पोटाशी धरून विमानातनं आणलेली आणि जपानच्या मशीनवर नुसत्या मुंग्या! आपली आणि आयर्लंडची कॅसेट एका जातीची, जपानची वेगळ्या जातीची, आणि सगळ्या जातींना चालणारं मशीन त्या इमारतीत एकट्या बाईंकडं. ह्यांनी सायकलच्या स्टँडवर बाईंशी बोलून ठेवलं आणि मला खाली ढकललं. मला वाटलं बाई म्हणतील, किती सुंदर साडी, किती सुंदर मंडप. बाईंनी अख्खं लग्न पळवलं! मंगलाष्टकं पळवली, सप्तपदी पळवली, आमचे हे घोड्यावरून उतरले ते बदामाच्या आकारात गोल गोल फिरत गेले, तेही पळवलं. आणि थांबवलं कुठं, तर मागच्या खोलीत. मी पाटावर बसलेय, नाक लाल, आई दातात पिना धरून निऱ्या काढतेय आणि मामी माझ्या तोंडासमोर घमेलं धरून उभी, कारण मला उलटी येत होती.

"हे!" बाई ओरडल्या. "हे परत बघायचं!"

"अहो नको, लाज वाटते."

"ही घमेलंवाली कोण? मॅनेजर?"

"मामी."

"आणि दारात हात बांधून उभा आहे तो? राखीव खेळाडू?"

"तो आचारी. पैसे मागायला आलाय."

बाईंनी तो भाग तीनदा बघितला आणि मला चहा देत गंभीरपणे म्हणाल्या की आजवर बघितलेल्या सगळ्या टीमांत तुमची टीम उत्तम. तेव्हापासून मी रोज खाली. बाईंच्या कॅसेटीतले कुणी शाळामास्तर, कुणी पोस्टमन, कुणी गायी पाळणारा, खेळायचा एक पैसा मिळत नाही कुणाला, आमच्या गावच्या कबड्डीच्या टीमसारखंच, फक्त तिकडं थंडी जास्त.

बाईंचं सगळंच कॅसेटीतल्या त्या खोलीतल्यासारखं चालायचं. बर्फ काढायला इमारतीतले सगळे फावडी घेऊन उतरले की बाई अर्ध्यात शिट्टी मारायच्या आणि मॅचच्या मध्यंतरात खेळाडूंना देतात तशा संत्र्याच्या फोडी वाटायच्या, आणि जपानी लोक बिचारे वाकून वाकून घ्यायचे, खायच्या की कशाला लावायच्या हे न कळून. बँकेत जायच्या आधी आरशासमोर उभं राहून स्वतःलाच भाषण. आणि एक तेल होतं त्यांच्याकडं, खेळाडू पोटऱ्यांना लावतात ते. आमच्याकडं बैलाच्या खांद्याला चोळतात तसला उग्र वास. कुठंही अवघड ठिकाणी जायचं असलं की बाई पोटऱ्यांना ते खसाखसा चोळायच्या, मग ती महापालिका असो नाहीतर दाताचा डॉक्टर.

मुलाखतीच्या सकाळी त्यांनी मलाही चोळलं. मी साडी गुडघ्यापर्यंत धरून उभी, छकुली नाक दाबून हसतेय आणि बाई खाली बसून माझ्या पोटऱ्या लाल करतायत. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. म्हणजे मी मुलाखतीला कशी गेले बघा: हिरवी काठाची साडी, पायात स्पोर्ट्स शूज, अंगाला बैलाचा वास आणि सोबत दाराएवढी बाई. बाकीच्या आया निळ्या सुटात, मोत्यांच्या माळा, गुडघ्याला गुडघा लावून ओळीनं बसलेल्या. आम्ही बसलो तशी ती ओळ न बोलता, अगदी हसतमुखानं, दोन खुर्च्या पलीकडं सरकली.

मला वाटलं आता बाईंचं भाषण होईल. मी वाट बघत होते. बघते तर बाईंचे ओठ पांढरे पडलेले.

"बाई, काय झालं?"

"मला नेहमीच असं होतं," बाई म्हणाल्या. "एवढी वर्षं झाली इथं. अजून फोन वाजला की मी दुसऱ्या खोलीत पळते."

"तुम्हाला? तुम्ही घाबरता?"

"म्हणून तर त्या कॅसेटी बघते ना गं. एवढे रेड्यासारखे गडी, आणि बघितलंस ना, आत बसून कसे थरथरतात! बाहेर गेले की दिसत नाही ते."

मला हसूच फुटलं. एवढी मोठी बाई, माझ्यासारखीच! मी त्यांचा हात धरला, तो माझ्यापेक्षा गार. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं आणि मी छकुलीला उचलून आत गेले, बाईंना धीर द्यायच्या नादात घाबरायचं राहूनच गेलं.

आत मुख्याध्यापक, म्हातारे, बारीक. त्यांनी विचारलं, मुलगी घरी काय करते, एवढं जपानी मला कळायचं. चांगल्या आया सांगतात चित्रांची पुस्तकं, गाणी. मी खरं तेच सांगितलं, "व्हिडिओ." मग ते एकदम हुंगायला लागले. मी म्हटलं मेले. "कंबर दुखते का?" त्यांनी विचारलं आणि स्वतःची कंबर धरून दाखवली, लहान पोरांशी वाकून बोलून त्यांची गेलेली होती. मला शब्द येईनात तर मी उठून बैल झाले, मान खाली घालून जू ओढलं, खांदा चोळून दाखवला. छकुली लगेच मागं धावली आणि "हुर्र, हुर्र" करून मला हाकायला लागली. म्हातारबाबा डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसले आणि तेलाचं नाव कागदावर लिहून द्या म्हणाले. ते काही मला येत नव्हतं, म्हणून बाईंना आत बोलवावं लागलं.

छकुलीला घेतलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "काय विचारलं गं तुला?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं. आत्याला कळवा, आम्ही येत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात बाईंचा भाऊ आजारी पडला आणि बाई त्याची गायीगुरं बघायला कायमच्या तिकडं गेल्या. जाताना मशीन आम्हाला देऊन गेल्या. एक दिवस दुपारी फोन वाजला, हे लॅबमध्ये, छकुली बालवाडीत, मी उचलला. बाई होत्या. आणि तेव्हा कळलं की आमचं अर्धं बोलणं हातांचं होतं, फोनवर ते कसं जाणार! त्या काहीतरी म्हणाल्या, मी हं म्हटलं. मी काहीतरी म्हटलं, त्या हं म्हणाल्या. फोन ठेवायला मात्र दोघींनाही होईना. मग त्यांच्या मागं कुठंतरी एक गाय हंबरली, लांबवर, वासराला बोलवताना हंबरते तशी. तेवढं मला नीट कळलं. "बाई, धार काढायची वेळ झाली वाटतं," मी म्हटलं, आणि तिकडनं परत एकदा हं आलं.