गुलाबाचा स्ट्रायकर

सुमनबाई बोराडे शाळेत घंटा द्यायच्या आणि सकाळी आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीचा हॉल झाडायच्या. झाडून झालं की कॅरमवर एकट्याच बसायच्या. पांढऱ्या सोंगट्या त्यांच्या, काळ्याही त्यांच्याच. खुर्ची बदलली की समोरच्या रिकाम्या खुर्चीला दटावायच्या, "लय शानी झाली का गं तू?"

हॉलचे स्ट्रायकर सेक्रेटरी नाना कपाटात कोंडून ठेवत. म्हणून बाईंचे यजमान वाल्मीकभाऊ, जे फिटर होते, त्यांनी फायबरच्या तुकड्यातून एक चकती लेथवर काढून दिली होती. मातकट, बिनचमक. खेळणाऱ्याला स्ट्रायकर, बघणाऱ्याला स्टोव्हचा वायसर.

त्र्याऐंशीच्या मार्चात नानांनी दाराला नवं कुलूप लावलं. "हॉल खेळाडूंसाठी आहे, सुमनबाई. झाडा, पुसा, किल्ली परत." प्रत्येक वाक्याला नाना चष्मा वर ढकलत, त्यांचा पूर्णविराम नाकावरच असे.

"मंग खेळून दावते की."

कट्ट्यावरचे खो-खो हसले. त्या हसण्याच्या भरात नाना बोलून गेले, "तीन गेम. जिंकलात तर रोज पाच ते सात हॉल बायकांचा. हरलात तर पुन्हा कॅरमला हात नाही लावायचा."

रविवारी अख्खी कॉलनी हॉलमध्ये. माझी आई, भागुबाई, पदरातून डबी काढत पुढे घुसली. मुंबईच्या भावाकडून तिनं खास मागवलेला स्ट्रायकर: काचेसारखा आरपार, आत लालभडक गुलाब. "सुमन, ह्यानंच खेळ. त्या वायसरनं आमची अब्रू घालवू नको!"

"भागा, माझा हात त्याला बसलाय गं."

"म्हंजी माझ्या भावाच्या गुलाबाला नाय म्हणती?"

नाही म्हणणार कशी? बाईंनी गुलाब घेतला. तो पावडरवर साबणासारखा सुटला. जरा टिचकी दिली की पळे, सोंगटीला मागे टाकून स्वतःच खिशात. चार बोर्डांत पहिला गेम नानांचा. आईचं तोंड गुलाबापेक्षा लाल.

दुसऱ्या गेमला बाईंनी कनवटीचा वायसर काढला. कोणी हसलं, तिकडे त्यांनी पाहिलंच नाही. गेम त्यांचा. एक-एक. आता कोणी शेंगासुद्धा फोडेना.

गुलाबाचा स्ट्रायकर टेबलाच्या कडेला पडून होता. नानांची नजर तिसऱ्यांदा तिकडे गेली. त्या दिवशी नाना इस्त्रीचा शर्ट, सोन्याची अंगठी, अत्तर असे सजून आले होते. बाईंनी ते टिपलं आणि गुलाब त्यांच्यापुढे सरकवला.

"नाना, घ्या की. तुमच्या हाताला लय शोभंल."

"मला काय, कोणताही चालतो!" नानांनी चष्मा ढकलला, गुलाब उजेडात धरून फिरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ठेवतात कशाला खाली?

पहिल्याच फटक्याला तो पळाला. नानांनी आपला जुना स्ट्रायकर चाचपला, तोच वाल्मीकभाऊंनी भिंतीकडे बोट केलं. तिथं नानांच्याच अक्षरात लिहिलं होतं: गेम संपेपर्यंत स्ट्रायकर बदलता येणार नाही.

तरी नाना कसलेले. ओढत ओढत शेवटच्या बोर्डापर्यंत आले. जो हा बोर्ड घेईल त्याचा हॉल. बाईंची एक काळी उरली, नानांची एक पांढरी, आणि राणी. पाळी नानांची. राणी त्यांनी अलगद घेतली. आता ती पांढरी गेली की संपलं, आणि पांढरी तर खिशाच्या तोंडाशीच! सुमनबाईंनी डोळे मिटले.

हळू ढकलायचं होतं. पण बघायला एवढे लोक, हातात गुलाब. नानांनी अंगठीचं बोट ताणलं आणि सण्णकन मारला. पांढरीला जेमतेम खरचटून गुलाब खिशात गडप. पांढरी काठावर थरथरली, तिथंच राहिली. राणी आणि दंडाची एक पांढरी नियमानं परत मधोमध.

बाईंनी वायसर पुसला. राणी गेली. मग श्वास रोखून, काळी.

नानांनी किल्ली ठेवली, चष्मा ढकलायला विसरले. "गुलाब तुम्हीच दिलात मला."

"घेतला तुमी," बाई म्हणाल्या.

सोमवारी पाचला हॉल उघडला. पहिली आई बसली, गुलाब घेऊन. सलग तीनदा स्ट्रायकर खिशात.

"भागा, वायसर देऊ?"

"गप! दिसतो कसा ते बघ."