दुसरा बाप्तिस्मा

"भाभी, मी ख्रिश्चन हाय का ओ?"

मला आधी हसूच आलं. पौडला आमचं किराणा दुकान आहे, सासऱ्यांनी टाकलेलं. सुनीतीताई मरगळे कितीतरी वर्षं तिथूनच सामान भरतात. ताम्हिणी घाटात त्यांचा आणि बाजीभाऊंचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, छोटा ढाबा आहे. नाताळला त्यांच्याकडून डबाभर करंज्या येतात, ईदला आमचा शीरखुर्मा तिकडे जातो. त्या ख्रिश्चन नाहीत तर कोण आहेत?

"हा काय प्रश्न झाला ताई?"

"न्हाई, खरंच विचारतीया. बगून काय वाटतं तुमाला?"

त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू आवरलं. मी त्यांना आत नेलं, गुळाच्या ढेपांशेजारच्या स्टुलावर बसवलं, चहा मागवला. तो गार होईपर्यंत त्या बोलत होत्या.

ताई मूळच्या नेवाशाकडच्या. आजोबांपासून घर ख्रिस्ती. वडील गावच्या चर्चची घंटा वाजवायचे, घरातली माणसं एकमेकांना 'सलाम' म्हणायची. ताईंचा बाप्तिस्मा त्या दुपट्यात असतानाच झालेला. पाळकसाहेबांनी कपाळावर पाणी घातलं, झालं. पुढे एका संस्थेच्या बालवाडीवर शिक्षिका म्हणून त्या ताम्हिणीला आल्या. पोरांसाठी वस्तीवरून दूध घेऊन बाजी यायचे. धनगराचा मुलगा, बोलायला कमी, दूध मात्र कधी चुकवलं नाही. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. नेवाशाहून कुणी आलं नाही. बाजींची आई, तानूबाई, आली, पण जेवली नाही.

घरात देवळीत बिरोबा आणि खिडकीत बायबल, असा संसार झाला. कुंकू लाव म्हणून बाजीभाऊंनी कधी म्हटलं नाही, आणि ताईंनीही त्यांना चर्चला चला म्हटलं नाही. जत्रेचं मटण ताईच शिजवायच्या. नाताळला एसटी धरून एकट्याच पुण्याच्या चर्चला जाऊन यायच्या. अपेक्षा ही त्यांची मुलगी. तिला त्यांनी कुठलाच धर्म शिकवला नाही. घरात भांडण नको म्हणून.

तीच अपेक्षा आता हिंजवडीत नोकरीला आहे, जवळच जांब्याला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. खोलीतल्या एका मुलीबरोबर ती रविवारच्या फेलोशिपला, म्हणजे प्रार्थनासभेला, जायला लागली. एका हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल भाड्यानं घेऊन ही मंडळी जमतात. दिवाळीला घरी आली ती सांगतच, "आई, मी बाप्तिस्मा घेतला."

ताईंना रडू फुटलं. आनंदानं. आपण जे दिलं नाही ते पोरीला कुठून तरी मिळालं, असं त्यांना वाटलं.

"आता तू पण घे," अपेक्षा म्हणाली.

"माझा झालाय की."

"तो बाप्तिस्मा नाही गं आई. ते नुसतं पाणी शिंपडणं. आमच्यात तळ्यात पूर्ण बुडवतात. तुला काय कळत होतं तेव्हा?"

हे सांगताना ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "जिला मी एक गीत शिकवलं न्हाई, ती मला सांगती की मी ख्रिश्चन न्हाईच म्हून."

पण पोरीवर रागावून बसणाऱ्यातल्या त्या नव्हेत. त्या जांब्याला गेल्या. फेलोशिप चालवणारा निषाद हा सोलापूरकडचा तरुण, कंपनीत इंजिनीअर. त्यानं स्वतः खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. गिटारवर गाणी झाली, निम्मी हिंदीत. मग एकेकानं उठून साक्ष दिली. कुणी दारूत बुडाला होता, कुणी जीव द्यायला निघाली होती. आणि मग प्रभूनं कसं बाहेर काढलं ते. शेवटी निषादनं प्रेमानं विचारलं, "आंटी, तुमचा नवा जन्म कधी झाला?"

ताई म्हणाल्या, "मला आदीचं असं काय न्हाईच ओ. पहिल्यापास्नं येशूच हाय."

"पण आंटी, डॉक्टरच्या घरात जन्मलं म्हणून कुणी डॉक्टर होतं का?"

"त्येबी खरंच की," ताई मला म्हणाल्या.

मग त्या पुण्याच्या चर्चला गेल्या. पाळकसाहेब म्हणाले, "सुनीतीबाई, एकदा झाला तो झाला. देव विसरत नाही." मग 'आपण प्रार्थना करू' म्हणाले आणि केली. चांगली केली, असं ताई म्हणाल्या. पण बाहेर लग्नाची मंडळी ताटकळली होती, पुढचं विचारायचं राहून गेलं.

"पुढचं काय?" मी विचारलं.

इतक्या वर्षांच्या ओळखीत जे कधी बोलल्या नव्हत्या, ते त्या दिवशी बोलल्या. अपेक्षाच्या आधी त्यांना मुलगा झाला होता. जन्मतःच अशक्त. आषाढ होता, ताम्हिणीचा पाऊस, दरड कोसळून रस्ता बंद. बाजीभाऊ औषधाला गेलेले, पलीकडेच अडकले. घरात सासू-सून आणि ते लेकरू. ताईंचे वडील सांगायचे, वेळ आली तर कुणीही ख्रिस्ती माणूस लेकराच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतो. ताईंनी तांब्याभर पाणी मागितलं. तानूबाई म्हणाल्या, "आजारी लेकरावर गार पाणी वततीस? मारतीस का त्येला?" आणि त्यांनी मूल आपल्या मांडीवर घेतलं. ते तिथंच गेलं. सासूनं दिराच्या मदतीनं त्याला वरच्या अंगाला पुरलं. ताईंना धड उठताही येत नव्हतं.

त्यानंतर ताईंनी सासूचं सगळं केलं. पण कामापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. "वाढलंय." "पाणी ठिवलंय." एवढंच. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण सून कमी बोलते यात कुणाला काय वावगं वाटणार?

"आता बगा भाभी. निशाद म्हणतो, लहानपणीच्या पाण्याला काय अर्थ न्हाई. मग माझ्या लेकराचं काय गेलं? आत्याबाईंवर मी येवढी वर्सं राग कशापायी धरून बसले? आन अर्थ असंल, तर माझा झालेला हाय. मग मी तळ्यात कशाला उतरू?"

मी काय सांगणार? माझ्या धर्माचंच मला धड सांगता येत नाही. मी म्हटलं, "बाजीभाऊ काय म्हणतात?"

"ते म्हणत्यात, तू माझ्या आईचं हागणं-मुतणं काढतीस, आनखी काय पायजे ख्रिश्चन व्हायला?"

"मग बरोबरच आहे की."

"न्हाई ओ." त्यांनी मान खाली घातली. "दातओठ खाऊन काढते मी ते."

त्या दिवशी बेसन घ्यायला आल्या होत्या. ते न घेताच गेल्या.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. अपेक्षानं फार लावून धरलं होतं, तारीख ठरली होती. "तुमी येता का? मला एकटीला भ्या वाटतंय." मी बाप्तिस्म्याला काय करणार, हे मला कळेना, पण गेले. आमच्या पिकअपमधून, मांडीवर त्यांच्यासाठी टॉवेल घेऊन.

मुळशी धरणाचं पाणी त्या दिवसांत खूप आत गेलेलं असतं. काठाला चिखल, त्यावर बकऱ्यांचे खूर उमटलेले. फेलोशिपची वीसएक माणसं जमली होती. निषाद पांढऱ्या शर्टात कमरेएवढ्या पाण्यात उभा. आधी एका मुलाचा झाला, मग एका नवराबायकोचा. पाण्याखाली जायचं, वर यायचं, काठावर टाळ्या, गाणं. मग ताई उतरल्या. पदर खोचलेला, एक हात अपेक्षाच्या हातात. थोडं पुढे गेल्यावर अपेक्षानं हात सोडला.

"आंटी, येशू ख्रिस्त तुमचा तारणारा आहे, असा तुमचा विश्वास आहे?"

"हाय."

"मागचं सगळं सोडलंत?"

गिटारवाला मुलगा तार धरून थांबला.

"आंटी?"

"न्हाई," ताई म्हणाल्या. "येक हाय. सुटत न्हाई."

निषादनं आवाज खाली आणला, पण पाण्यावरून काठापर्यंत ऐकू येत होतं. "ते पाण्यात सोडा, आंटी. देव घेईल."

"आन वर आल्याव बी असंल तर?"

त्यानं काठाकडे पाहिलं. मग म्हणाला, "असलं तर... तर आपण परत प्रार्थना करू."

"पाळकसायेब बी तेच म्हणाले," ताई म्हणाल्या.

काठावर कुणीतरी हसलं. ताई थट्टा करत नव्हत्या, त्यांना खरंच वाटलं होतं की हा काहीतरी वेगळं सांगेल. त्या वळल्या आणि बाहेर आल्या. कमरेपर्यंत भिजलेल्या, डोकं कोरडं. मी टॉवेल पुढे केला खरा, पण काय पुसायचं ते दोघींनाही समजेना.

अपेक्षा रडवेली झाली होती. "सगळ्यांसमोर, आई! नाही घ्यायचा होता तर घरी सांगायचंस."

"घ्यायचा हुता गं," ताई म्हणाल्या. "खोटं बोलून कसा घ्यायचा?"

निषाद पाण्यातून बाहेर आला. मला वाटलं चिडला असेल. तो अपेक्षाला म्हणाला, "असू दे. मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. असं उत्तर मला अजून कुणी दिलं नव्हतं, मलाच कळलं नाही काय करायचं." मग ताईंना म्हणाला, "आंटी, तुम्ही येत राहा. प्लीज."

परतीला ताई गाडीत माझ्या शेजारी होत्या. घाट लागला तेव्हा म्हणाल्या, "भाभी, तुमच्यात खरा मुसलमान कोन, ते कोन ठरवतं?"

"अल्लाह," मी म्हटलं. "पण तोवर शेजारीपाजारी ठरवतात."

त्या हसल्या, आणि लगेच पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पुढचं त्यांनी मला आठवड्याभरानं सांगितलं. त्या घरी गेल्या, साडी बदलली आणि तानूबाईंच्या खाटेशेजारी जाऊन बसल्या. तानूबाई आता अंथरुणालाच आहेत, ऐकायलाही कमी येतं. ताईंनी जोरातच विचारलं, कारण हळू विचारून चालणार नव्हतं, "आत्याबाई, माझ्या लेकराला पाणी का घालू दिलं न्हाई?"

"कुनाला?"

"पयल्याला. गेला त्येला. मी पाणी मागितलं हुतं."

म्हातारी म्हणाली, "तू कुटं मागितलंस? तुला ताप चढलेला, निजून हुतीस तू. मीच घातलं की पाणी. जाताना त्वांडात दोन थेंब घातलं. डोक्यावनं वल्ला हात फिरीवला. असंच सोडीन व्हय मी त्येला? माझा बी नातूच हुता की."

त्यांना तांब्या आठवत होता, सासूचं वाक्य आठवत होतं, शब्द न् शब्द. पण ताप होता, हेही खरं होतं. बाजीभाऊ तर घरीच नव्हते. विचारायचं कुणाला? दीर वारला त्याला बरीच वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं. तानूबाई म्हणाल्या, "पाणी तुझ्या दिरानं घातलं." आणि संध्याकाळी म्हणाल्या, "कुटला नातू?"

"म्हंजे बगा," ताई मला म्हणाल्या, "चूक त्यांची हुती का न्हवती, हेच मला आता म्हाईत न्हाई. माफ करायला गेले आन माफ काय करायचं तेच सापडंना. आन त्यांनी खरंच वल्ला हात फिरीवला असंल, तर त्यो बाप्तिस्मा झाला का ओ? त्यांना तर येशूचं नाव बी ठावं न्हवतं."

मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"सकाळी वाटतं झाला. सांजच्याला वाटतं न्हाई."

एक फरक मात्र झाला. ताई आता सासूशी बोलतात. आज बाहेर धुकं किती आहे, कुठली बकरी व्यायली, ढाब्यावर कोण आलं होतं. का बोलतात, हे त्यांना सांगता येत नाही. क्षमा केली म्हणून, का भांडणाचं कारणच हरवलं म्हणून, का नुसती दया आली म्हणून. तानूबाईंना त्याचं काही कौतुक नाही. एकदा माझ्यासमोरच वैतागून म्हणाल्या, "किती बडबड करतीया ही! आदी बरी हुती."

पाळकसाहेबांच्या कानावर तळ्याची गोष्ट गेलीच. त्यांनी फोन करून विचारलं, चर्च सोडलं का. ताई म्हणाल्या, नाही. फेलोशिपलाही त्या महिन्यातून एखाद्या रविवारी जातात, मागच्या खुर्चीवर बसतात. दुसऱ्या बाप्तिस्म्याचा विषय निषादनं पुन्हा काढला नाही. अपेक्षानं काढला दोनदा, मग तीही थांबली.

मागच्या रविवारी साक्षीच्या वेळी ताई आपणहून उठल्या, म्हणे. अपेक्षानंच मला फोनवर सांगितलं. ताई म्हणाल्या, "माझ्या सासूच्या तब्येतीसाठी प्रार्थना करा. तिला माझं बोलणं धड ऐकू येत न्हाई, पर मला बोलायचं हाय." आणि बसल्या. हॉलमध्ये काहीजण 'आमेन' म्हणाले, काहीजण अजून पुढचं येईल म्हणून थांबून राहिले.

"मग तुला काय वाटलं गं?" मी अपेक्षाला विचारलं.

ती म्हणाली, "भाभी, मला वाटत होतं मला सगळं माहीत आहे."