बूट घालून वरातीला आलेली घोडी

माझ्या लग्नात नवरदेवापेक्षा घोडीचे बूट भारी होते.

याला जबाबदार मीच. सातवीत शाळा सोडली आणि सास्तूरहून थेट बेंगळुरूजवळच्या एका तबेल्यात कामाला लागलो. तिथल्या मॅडम घोड्यांना नाल ठोकू देत नाहीत. घोडे अनवाणीच असतात. दगडाधोंड्यांच्या वाटेला निघाले की तेवढ्यापुरते खुरांवर जाड रबरी बूट चढवायचे आणि पट्टे आवळायचे. (पहिल्या दिवशी मी मॅडमना विचारलं, मोजे कुठं आहेत? त्या हसल्या नाहीत. त्यांना मराठी येत नाही.)

लग्न ठरलं नळदुर्गजवळच्या एका गावात. मुलगी वैशाली, बारावी पास. तिच्या वडलांना, म्हणजे मामांना, माझी सातवी घशाखाली उतरत नव्हती. म्हणून मी ठोकून दिलं, "तबेल्यात सुपरवायझर हाय." (अगदीच खोटं नाही. खरे सुपरवायझर रजेवर गेले की मीच असतो. वर्षातून चार दिवस.) तेव्हापासून एकच आशा होती. मांडवाच्या दारात घोडीवरून असं ऐटीत उतरायचं, की मामांना वाटलं पाहिजे, पोरगी साहेबाच्या घरी दिली.

घोडी माझ्या चुलत्यांची, अण्णांची. वरातींना घोडी नेणं हाच त्यांचा धंदा. मला लहानाचं मोठं त्यांनीच केलं आणि "तुज्या लग्नाला आपली चंद्रीच" हे मी चड्डी सावरत हिंडायचो तेव्हाच ठरवून टाकलं. पण लग्नाच्या महिनाभर आधी चंद्रीच्या पुढच्या दोन्ही खुरांच्या कडा फुटल्या. डॉक्टर म्हणाले, नाल काढा, आता सहा महिने खिळा लावायचा नाही. नाल निघाली आणि चंद्री डांबरी रस्त्यावर पाय टेकवायला तयार होईना. फोनवर अण्णांचा आवाज बसलेला.

"अण्णा, काळजी करू नका. मी बूट आणतो."

"मला कशाला? माजी चप्पल चांगली हाय की."

मॅडमनी एक जुनी जोडी दिली. रंग भडक केशरी. घालून बघितले तर चंद्री आधी पाच मिनिटं पुतळा झाली, मग नवी साडी नेसलेल्या बाईसारखी पाय उचलून उचलून चालली. पण लंगडली नाही. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की सातवीनंतरची सगळी वर्षं वसूल झाली.

लग्नाच्या दिवशी आमच्यात नवरदेव आधी मारुतीला जातो आणि तिथून वाजतगाजत मांडवात. मारुतीच्या पटांगणात चंद्रीला घेतलं, तर ओट्यावरचे एक म्हातारबाबा उठून उभे राहिले.

"पटांगणात पायताण चालत न्हाय."

"मी काढलंय की, बाबा."

"तुमचं न्हाय. तिचं."

"अहो, ती घोडी हाय."

"आसंल. पायात पायताण हाय का न्हाय?"

अण्णा देवभोळे. म्हणाले, "काढ बाबा, माती मऊ हाय, घटकाभर काय होत न्हाय." चंद्रीचे बूट बाहेर चपलांच्या रांगेत माझ्या बुटांशेजारी लागले. मी दर्शन घेतलं, बाहेर आलो. माझे बूट जागेवर. घोडीचे गायब!

नवरदेवाचे बूट लपवणं हा मेव्हण्यांचा हक्क. पण माझ्या मेव्हण्यांनी माझ्या बुटांकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. समोर सात-आठ पोरी तोंडाला पदर लावून उभ्या. त्यांची पुढारी रेखा, वैशालीची धाकटी बहीण.

"आवं दाजी, घोडीचे थाटाचे बूट सोडून तुमचे कोण चोरतंय?"

"रेखाताई, द्या लवकर. मुहूर्त जवळ आलाय. काय पायजे ते सांगा."

"आमाला घोडीवर बसायचंय. सगळ्यांना."

अण्णांनी कपाळाला हात लावला. "आगं पोरींनो, तिचे पाय आधीच नाजूक हायत. एवढ्या वजनानं बसंल ती."

तिकडं भोंग्यावर गुरुजींचा पुकारा सुरू, "नवरदेवाला घेऊन या." मी घासाघीस केली (तबेल्यात मॅडमपुढं कधी तोंड उघडत नाही, इथं मात्र वकील झालो) आणि शेवटी तह झाला. सगळ्यांच्या वतीनं एकटी पिंकी बसणार. पिंकी आठ वर्षांची, सगळ्यांत हलकी. पण दोघांचं वजन चंद्रीला नको, म्हणजे मी खाली.

पिंकी वर बसली आणि म्हणाली, "फेटा बी पायजे."

फेटाही दिला. मी रस्त्यावर गुडघे टेकून चंद्रीला बूट चढवले, पट्टे आवळले. पांढऱ्या कुडत्याचा रंग मातीशी जुळला. मग लगाम धरून निघालो. पुढं बँड, मध्ये केशरी बुटांत चंद्री, वर फेटा बांधलेली पिंकी, आणि खाली घामानं निथळणारा मी. मोबाइल सगळे चंद्रीच्या पायांवर रोखलेले.

मांडवाच्या दारात ओवाळायला बायका उभ्या. वैशालीच्या आत्या मुंबईहून त्याच सकाळी आलेल्या, त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं.

"ए घोडेवाल्या, घोडी बाजूला घे आधी. नवरदेवाला वाट दे."

आता इथं शहाण्या माणसानं सांगितलं असतं, आत्या, मीच तो. पण माझी इतकी वर्षं अशाच आवाजाखाली गेलेली. तोंडातून आपोआप निघालं, "व्हय बाई." पिंकीला उतरवलं आणि घोडी घेऊन गेलो मांडवामागं, बाभळीखाली!

आणि एकदा घोडी सावलीला आली की हात थांबत नाहीत. बूट लगेच काढायचे, आत घाम साचतो, कातडं सोलवटतं. मी चंद्रीचा पाय गुडघ्यांत धरला. अण्णा पाठोपाठ आलेच. "घासलं का रं कुठं?" "न्हाय अण्णा, ओरखडा बी न्हाय." दोघं खाली वाकून खूर बघत बसलो. एवढा आनंद झाला की लग्न डोक्यातूनच गेलं.

भोंगा आता काकुळतीला आलेला. "नवरदेव जिथं असतील तिथून मांडवात यावं." तेवढ्यात सावली हलली. वर पाहिलं तर मामा उभे.

"हेच का सुपरवायझर?"

माझ्या एका हातात बूट, दुसऱ्या हातात खूर. "न्हाय मामा," मी म्हणालो. "म्या खोटं बोललो. म्या घोड्यांचं समदं बघतो, सुपरवायझर दुसरे हायत."

मामांनी वाकून चंद्रीच्या खुरावरून हात फिरवला. मग अण्णांना म्हणाले, "पोरगं खोटं बोलतंय, पर धडपणे बोलता येत न्हाय त्याला. म्हंजे मानूस बरा हाय. चला."

मी पळत बोहल्यावर उभा राहिलो. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला. वैशालीनं हार उचलला, माझ्या जवळ आली आणि थबकली. साहेबाची बायको व्हायला आलेल्या त्या मुलीनं मला आयुष्यातलं पहिलं वाक्य ऐकवलं,

"आधी हात धुऊन या."

मी पुन्हा म्हणालो, "व्हय बाई."