शनिवारी देणे

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना गल्लीने ‘शनिवारकाका’ हे नाव ठेवलं, त्यात गल्लीचा काही दोष नव्हता. दुकान होतं तोवर ते प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगत आले, "शनिवारी या." कुठल्या शनिवारी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारण्याची कुणाची छाती झाली नाही.

बाकी काका कामात चोख. आलेल्या प्रत्येक रेडिओच्या पेटीला सुतळीने चिठ्ठी बांधायची: कोणाची, कधी आली, काय बिघडलंय, कधी देणे. आणि न्यायला कुणी आलं नाही म्हणून गिऱ्हाइकाची वस्तू टाकून द्यायची नाही. लोकांनी घरं बदलली, नवे रेडिओ घेतले, टीव्ही घेतले, काही जण तर ऐकण्याबिकण्याच्या पलीकडे गेले. त्यांचे रेडिओ मात्र गळ्यात चिठ्ठ्या अडकवून काकांच्या फळ्यांवर बसून राहिले. दुकान बंद झालं तेव्हा ही सगळी मंडळी घरी आली आणि मागच्या खोलीत सुनेच्या कपाटासमोर ठाण मांडून बसली.

सहा महिने सुनेने अंग चोरून कपाट उघडलं. मग म्हणाली, "बाबा, यांचं काहीतरी करा. नाहीतर मी करते."

त्या ‘मी करते’ला घाबरून काकांनी पहिला दिवा केला. पेटीच्या पोटातलं सगळं काढलं, आत पिवळा बल्ब बसवला. आवाजाचं बटण फिरवलं की स्टेशनांच्या तबकडीमागून उजेड हळूहळू वर यायचा, पूर्वी पेटी तापल्यावर आवाज यायचा तसा. स्टेशनाचा काटाही त्यांनी सरकता ठेवला. तो सरकवून काही होत नसे, तरी लोक सरकवायचेच. सुनेने फोनवर फोटो टाकले आणि दर रविवारी मागच्या खोलीत दिवे घ्यायला माणसं यायला लागली. कुणी तबकडीवरून बोट फिरवत म्हणायचं, "आमच्याकडे अगदी अस्साच होता हो!"

हे वाक्य ऐकलं की काका कान टवकारायचे. अगदी असाच का, हाच असेल! मालक सोडून एवढ्या मायेने कोण बघतं? मग ते चौकशी सुरू करत. तेव्हा राहायला कुठे होतात? तुमच्या रेडिओचं पुढे काय झालं? दुरुस्तीला कुणाकडे टाकला होता? लोकांना वाटायचं, कलाकार मोठा गप्पिष्ट आहे. सून चहाचे कप उचलता उचलता पुटपुटायची, "बाबा, गिऱ्हाईक आहे ते. आरोपी नाही."

आरोपी कोण, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. इतर पेट्यांबद्दल त्यांचं मन साफ होतं. बोलावून बोलावून लोक आले नाहीत, त्याला ते काय करणार? पण एक पेटी होती, गोल कोपऱ्यांची, शिसवी रंगाची. तिच्या चिठ्ठीवर तारखेखाली लिहिलं होतं: ‘शिंपी, गल्लीचं टोक. आवाज येतो पण खरखर. शनिवारी देणे.’ बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच महिन्यात या शिंप्याने काकांना मुलाच्या लग्नासाठी कोट शिवून दिला होता आणि त्याच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर थांबल्या होत्या. लग्नाच्या सगळ्या फोटोंत काका हात पाठीमागे बांधून उभे आहेत, तुरुंग पाहायला आलेल्या अधिकाऱ्यासारखे. शिंप्याने कापड मारलं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यानंतर आठवड्याभरात एका हेडमास्तरीणबाईंचा रेडिओ आला. त्यांना घाई होती आणि त्यांच्यापुढे ‘शनिवारी या’ म्हणायची सोय नव्हती. काकांनी शिंप्याच्या पेटीतला स्पीकर काढला आणि बाईंच्या पेटीत बसवला. आयुष्यातली ही एकच लबाडी. शिंपी चौकशीला आला असता तर नवा स्पीकर आणून बसवला असता. पण शिंपी आलाच नाही. का आला नाही, हा विचार करण्यात बावीस वर्षं गेली. त्याला कळलं असणार, म्हणूनच तो आला नाही. काकांनी त्या टोकाने जाणं सोडलं. दळण टाकायलासुद्धा ते मागच्या रस्त्याने वळसा घालून जात.

त्या पेटीचा दिवा त्यांनी सगळ्यांत शेवटी केला आणि सगळ्यांत सुरेख केला. दिव्याचं पोट कोण तपासतं? चिठ्ठी मात्र फाडवेना. ती कपाटात, बंद दुकानाच्या किल्लीखाली गेली.

अशात एक चष्मेवाल्या बाई आल्या. पहिल्या रविवारी त्यांनी नेमकी तीच पेटी उचलली आणि तिचा वास घेतला. दुसऱ्या रविवारी भिंग घेऊन आल्या. तिसऱ्या रविवारी त्यांनी पेटी उलटी केली आणि तळाचे स्क्रू बघत बसल्या. काकांनी ताडलं. शिंप्याची मुलगी असणार. निदान भाची तरी. कापड हुंगणाऱ्यांच्या घरातलीच ही सवय.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगाल?"

"विचारा," काका म्हणाले आणि खुर्चीला धरून उभे राहिले.

"हा रेडिओ खरंच जुना आहे, की तुम्ही जुना केलाय? बाजारात एकदा फसलेय मी. नव्या खोक्याला चहाचं पाणी फासून विकला होता मेल्याने."

काकांना आधी हायसं वाटलं, मग अपमान वाटला. "चहाचं पाणी? बाई, दुरुस्ती करणारे हात आहेत हे, रंग फासणारे ब्रश नाहीत."

"मग पुरावा दाखवा ना."

पुरावा एकच होता. सून म्हणाली, "बाबा, तुमच्या चिठ्ठ्या असतात की. दाखवा त्यांना." सुनेला काय माहीत! काका कपाटाजवळ गेले. खोटारडा म्हणवून घ्यायचं की चोर, एवढाच प्रश्न होता. शेवटी कारागिरीवरचा डाग त्यांना जास्त लागला. त्यांनी किल्ली उचलली आणि चिठ्ठी बाईंच्या हातात दिली.

बाईंनी ती भिंगातून वाचली. तारखेवर खूश झाल्या. मग विचारलं, "शनिवारी देणे, असं लिहिलंय. दिला नाहीत?"

"आला नाही तो न्यायला."

"तुम्ही गेलात द्यायला?"

 बाईंनी चिठ्ठी परत पेटीच्या बटणाला अडकवली. "मला हाच हवाय. पण आधी मालकाला विचारा. ‘हो’ म्हणाला तर सूनबाईंनी मला फोन करावा."

सोमवारी सकाळी काका दिवा पिशवीत घालून बावीस वर्षांनी गल्लीच्या टोकाला गेले. दुकानात एकच मशीन उरलं होतं आणि त्यामागे शिंपी, निम्म्याने आटलेला. काकांना पाहताच मशीनवरचा त्याचा पाय थांबला.

"आलात?" तो म्हणाला. "कोटाचंच ना? मला वाटलंच होतं, एक दिवस याल."

"रेडिओ," काका म्हणाले आणि पेटी टेबलावर ठेवली. "आत स्पीकर नाही. मी काढला होता. दुसऱ्याला घातला."

शिंप्याने पेटीकडे पाहिलं, मग काकांकडे. "मी समजलो, बाह्यांचा राग म्हणून अडकवून ठेवलात. त्यामुळे मागायला आलो नाही."

"बाह्यांचं कापड तुम्ही मारलंत."

"मारलं?" शिंपी उठला. वरच्या फळीवरून एक पुडकं काढलं, धूळ झटकली आणि समोर टाकलं. काकांच्या कोटाचं उरलेलं कापड, वर टाचणीने खोचलेला कागद: ‘रेडिओवाले.’ "तुम्ही माप द्यायला उभे राहिलात ते असे," त्याने कोपरं वाकवून दाखवली, "टेबलावर वाकून तारेला कथलाचा डाग देताय तसे. ‘हात सरळ सोडा’ म्हटलं, तर म्हणालात, सरळच आहेत. भांडतो का गिऱ्हाइकाशी? वाकडं माप घेतलं, बाह्या आखूड झाल्या."

काकांनी आपले हात खाली सोडले. ते कोपरात वाकलेलेच राहिले.

पुडकं उलगडून त्यांनी कापड वितीने मोजलं. बरोबर असावं. खात्री नव्हती, बावीस वर्षांत उंदराने किती खाल्लं, कुणी सांगावं?

शिंप्याने तोवर दिव्याची वायर भिंतीत खोचली होती आणि आवाजाचं बटण फिरवत होता. तबकडीमागून उजेड वर आला. मग त्याने काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवला.

"खरखर गेली की," तो म्हणाला.

"एक बाई मागतायत. तुम्ही ‘हो’ म्हणालात तर देतो."

"असा?" शिंप्याने पेटीच्या तोंडावरचं विटलेलं कापड दोन बोटांत धरलं. ते लगेच फाटलं. "माझा रेडिओ असा फाटक्या तोंडाने कुणाच्या घरी जायचा नाही. दुसरं कापड लावून देतो. ठेवून जा."

"कधी मिळेल?"

शिंपी पुन्हा मशीनवर बसला. दोरा ओवता ओवता, मान वर न करता म्हणाला, "शनिवारी या."

काका दारापर्यंत गेले, थांबले आणि परत आले. पेटीकडे बघत म्हणाले, "कुठल्या शनिवारी, ते लिहून चिठ्ठी द्या."