मावशीचं कायमचं बंद दुकान

आमची मावशी शिवणकाम करते आणि फोनमधल्या एआयला देव मानते. शर्टावरचा तेलाचा डाग त्याच्याच सल्ल्याने गेला. एकदा तिने विचारलं, "माझा चष्मा कुठंय?" तो म्हणाला, "आधी डोक्यावर चाचपून बघा." चष्मा तिथेच होता! झालं, तेव्हापासून मावशी त्याच्या शब्दाबाहेर नाही.

काल तिने हौसेने विचारलं, "आमच्या गल्लीत चांगलं शिवून कोण देतं?" त्याने तिच्याच दुकानाचं नाव घेतलं आणि ठणकावून सांगितलं, "पण हे दुकान कायमचं बंद झालं आहे."

मी कपाळाला हात लावला. "अगं, तू दुकानातच बसली आहेस ना!"

मावशीने मशीन थांबवलं, दिवा घालवला आणि शटर ओढलं.

"त्याला माझा चष्मा सापडला," ती म्हणाली. "तुला सापडला होता का?"