विंचरलेलं बोलणं

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या शेजारी ब्याऐंशी वर्षांच्या एक बाई राहायच्या. गल्लीतली लहानमोठी सगळी माणसं त्यांना सरळ नावाने हाक मारत. मला ते जमलं नाही. मी तोंडावर मॅम म्हणे, आणि घरात आम्ही त्यांना शेजारच्या आजी म्हणत असू. त्यांचा जन्म स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावातला. तेविसाव्या वर्षी अमेरिकन नवऱ्याबरोबर इकडे आल्या. म्हणजे माझी त्यांच्याशी नीट ओळख झाली तेव्हा त्यांना येऊन एकोणसाठ वर्षं झाली होती.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध एक राखाडी डाग होता. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाच्या थोडं बाजूला बघत. तसं केलं की मी त्यांना दिसते, असं त्यांनीच सांगितलं. मी शनिवारी जाऊन त्यांचं टपाल वाचून देत असे. एका ऑक्टोबरातल्या शनिवारी टपाल संपलं, आणि त्यांनी वाचनालयातली एक कादंबरी माझ्यापुढे सरकवली.

"हे पण टपालच समज," त्या म्हणाल्या. "माझ्या गावाकडचं आहे. उशिरा पोचलंय."

कानाने ऐकायची पुस्तकं त्यांनी करून पाहिली होती. वाचणारी बाई बातम्या दिल्यासारखी वाचते, ही त्यांची तक्रार. मग आमचं ठरलं. बुधवार आणि शनिवार, साडेपाच ते सव्वासहा, प्रत्येक वेळी बारा पानं. मार्चअखेरपर्यंत अठ्ठेचाळीस बैठका झाल्या आणि दोन कादंबऱ्या संपल्या, एकूण पाचशे चौऱ्याहत्तर पानं. मी हे लिहून ठेवते. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासणं हे माझं काम आहे आणि मोजल्याशिवाय मला गोष्ट घडल्यासारखी वाटत नाही.

पण त्या हिवाळ्यातलं जे मनात राहिलं आहे ते मोजता येत नाही. पहिली कादंबरी जहाजांचा कारखाना बंद पडलेल्या एका शहराची होती. पुरुष दिवसभर घरात, बायका दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या, आणि आपण कोण हा प्रश्न एकही माणूस तोंडाने विचारत नाही, पण सगळे त्यातच राहतात. दुसरीत एक बाई चाळीस वर्षांनी बेटावर परत येते, आईचं घर रिकामं करायला. निम्मी घरं सुट्टीला येणाऱ्यांची झालेली असतात आणि त्यांच्या किल्ल्या दाराजवळ, आकडे जुळवून उघडायच्या डबीत लटकत असतात. मी स्कॉटलंड पाहिलेलं नाही. वाचताना समुद्र लागला की मला पूर्णेचं पात्र दिसे, पावसाळ्यानंतरचं, गढूळ आणि रुंद. बेटावरची ती बाई दगडी घरातून बाहेर यायची आणि माझ्या डोळ्यांपुढे ज्वारीच्या शेतात उतरायची. तिच्या मागे धुकं असायचं. धुक्यात आमच्या अकोल्याकडची बैलं उभी असायची. मी वाचत राहायचे आणि मला काही चुकीचं वाटायचं नाही.

आजींच्या नवऱ्याचे पूर्वज कधीतरी तिकडून आलेले. दर उन्हाळ्यात इथल्या डोंगरात स्कॉटिश वंशाच्या लोकांचा मेळा भरतो. चौकड्यांचे घागरे घालून पुरुष लाकडाचे ओंडके फेकतात, पिशवीची वाद्यं वाजतात. नवरा होता तोवर दरवर्षी जायचा, घराण्याचा म्हणून एक पट्टा खांद्यावर टाकून.

"आमच्या गावात तो कपडा एकाकडेही नव्हता," आजी म्हणाल्या. "माझ्या आईकडे एप्रन होता. रबराचा."

मला आमच्या इथल्या मराठी मंडळाचं ढोल-ताशा पथक आठवलं. शाळेच्या पार्किंगमध्ये फेटे बांधून आम्ही ढोल वाजवतो. मीही वाजवते. माझ्या लहानपणी आमच्या गावात फेटा बांधलेली बाई मी पाहिली नव्हती.

मार्चच्या शेवटी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो टेक्सासात फ्रिस्कोला राहतो. जूनअखेर आईला कायमची तिकडे न्यायचं त्याने ठरवलं होतं. आजींनी ते मला सांगितलं आणि लगेच तिसरं पुस्तक काढलं. हे त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मासे साफ करण्याच्या कारखान्यात आयुष्य गेलेली एक म्हातारी स्वतःची गोष्ट सांगते, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत त्या किनाऱ्याच्या बोलीत.

"माझी आई असंच बोलायची," त्या म्हणाल्या. "मीही. इथे आल्यावर सासूबाईंना समजेना, दुकानात समजेना. वर्षभरात मी ते ठेवून दिलं. माझ्या मुलांनी ते कधी ऐकलेलं नाही. ते माझ्यात अजून आहे की गेलं, हे मला इथून निघायच्या आधी कळायला हवंय. तिकडे मी कुणाच्या तरी घरात असेन."

दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं, बारा आठवडे, चोवीस बैठका. हिशेब बरोबर बसत होता.

एप्रिल लागला होता. आम्ही जाळीच्या व्हरांड्यात बसायला लागलो. पाइनचा पिवळा पराग हवेत तरंगत असे. खुर्च्यांवर, गाड्यांवर, आजींच्या काळ्या चपलांवर सगळीकडे तो बसलेला. मी पहिलं पान उघडलं. शब्द इंग्रजीच होते, पण जणू कुणी त्यांना अंगणात नेऊन लोळवलं होतं. मी दोन-तीन वाक्यं मनात वाचली. अर्थ लागत होता. आणि मग मी ती स्वच्छ इंग्रजीत मोठ्याने वाचली.

मी हे ठरवून केलं नाही. डोळ्याने एक वाचायचं आणि तोंडाने दुसरं बोलायचं, ही सवय मला फार जुनी आहे. सतराव्या वर्षी मी अकोल्याहून पुण्याच्या वसतिगृहात आले. पहिल्या संध्याकाळी खोलीतल्या मुलींना म्हटलं, "मी जेवून येतो." आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात. "कोण येतो? दादा का?" एकीने विचारलं आणि सगळ्या हसल्या. त्यात दुष्टपणा नव्हता, त्या अजून माझ्या मैत्रिणी आहेत. पण दिवाळीला घरी गेले तोपर्यंत मी पुण्यासारखं बोलायला शिकले होते. आई म्हणाली, "पावनी आली वाटते." पुढे पुण्यातच लग्न झालं. गावाकडचं बोलणं म्हणजे घरातल्या घरातलं, फाटक्या गाउनसारखं, आणि मोठ्या माणसासमोर तर ते नकोच, असं कुणी न सांगता माझ्यात बसलं होतं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईंसमोर बसून असं बोलायचं म्हणजे त्यांचा अपमान, एवढंच मला वाटलं असणार.

आठ बैठका झाल्या. शहाण्णव पानं. नवव्या वेळी मी पुस्तक उघडलं तर आजींनी त्यावर हात ठेवला.

"या बाईचे केस तू विंचरतेस," त्या म्हणाल्या.

"मॅम?"

"रोज विंचरतेस आणि घट्ट वेणी घालतेस. चौदा वर्षांची असल्यापासून मासे कापणारी बाई 'आज मला बरं वाटत नाही' असं म्हणते होय? आमच्याकडे असं डॉक्टरसुद्धा म्हणत नव्हता."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्याच दिवशी. म्हटलं, होईल सरावाने. पण तुझा सराव उलट्या बाजूने वाढतोय. आता तर ती बँकेत काम केल्यासारखी वाटते."

कामात एखादा आकडा खटकला तर तो दुरुस्त करायचा नसतो. तो तसाच ठेवायचा आणि शेजारी लिहायचं की हा खटकतो. पंचवीस वर्षं मी हे पाळलं, नव्या मुलांना शिकवलं. आणि इथे शहाण्णव पानांतला जवळजवळ प्रत्येक शब्द मी बदलला होता, तेही अशा माणसासमोर, ज्याला पान दिसत नव्हतं. मी त्यांना वसतिगृहाची गोष्ट सांगितली. सबब म्हणून नाही. विचारल्यावर कारण द्यावं लागतं म्हणून.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तुझ्यात आहे का ते अजून?"

"माहीत नाही."

"मग दोघींचं एकदमच बघू. पहिल्या पानापासून."

आठ आठवडे उरले होते. बुधवार-शनिवारच्या जोडीला मी सोमवार धरला. आठ त्रिक चोवीस. पानं पुन्हा बाराच आली. कागदावर सगळं जमत होतं. पण तोंडाला जमत नव्हतं. पुस्तक वाचनालयाचं, त्यावर मी पेन्सिलसुद्धा लावत नाही. म्हणून प्रत्येक ओळीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लावल्या आणि त्यांवर उच्चार देवनागरीत लिहिले. त्या बोलीतला घशातून येणारा खरखरीत आवाज लिहायला आपल्या 'ख'खाली टिंब दिलं की काम होतं. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात सराव करत होते. नवरा चहा गाळत होता.

"हे इंग्लिश आहे?" त्याने विचारलं.

"हो."

"मग मला का कळत नाहीये, यार?"

"पुण्याचा आहेस म्हणून."

"नाही, थांब. एवढं कळलं, की ती बाई कुणालातरी झापतेय." तो कप ठेवून ऐकत राहिला. "तू तुझ्या आईशी फोनवर अशी बोलायचीस. लग्न झालं तेव्हा. मी खोलीत आलो की बंद व्हायचीस."

माझ्या लक्षात नव्हतं. त्याच्या होतं.

नेमकं तेच वापरायचं मी ठरवलं. उच्चार चिठ्ठीवरचे, पण चाल आईच्या बोलण्याची. वाक्याच्या शेवटी आवाज कसा ओढायचा, रागावताना मध्येच कसं हसायचं. सोमवारी व्हरांड्यात मी पहिलं पान तसं वाचलं. कारखान्याची शिट्टी, ओल्या पायऱ्या, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या. परागाचा पिवळा धूर जाळीबाहेर हळूहळू सरकत होता. मी कोणत्या गावात आहे हे मला नीट सांगता आलं नसतं. आई परसात बसून कुणालातरी बोलत होती, तिच्या हातात मासा होता, आणि तिने आयुष्यात मासा हातात धरला नव्हता. मी डोळे वर केले. आजी माझ्या कानाजवळ बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

त्या दिवशी सात पानं झाली. त्यानंतर ती कमीच होत गेली, कारण चौथ्या बैठकीला आजी मध्येच त्यांच्या किनाऱ्याच्या बोलीत बोलल्या. त्या काय बोलल्या ते मी इथे प्रमाण मराठीत लिहिलं तर पुन्हा वेणी घातल्यासारखं होईल. त्यामुळे माझ्याकडे जे आहे त्यात, आमच्या अकोल्याकडच्या बोलीत लिहिते.

"थांब वं जराशीक. असं नाई म्हनत कोनी. थे म्हातारी चिडली हाय ना, मंग तोंड दाबून काहून बोलून रायली?"

बोलून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात धरला, काही सांडल्यासारखा. मी थांबले. त्यांनी हात काढला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, थोडं जोरात. मग त्या मोठ्याने हसल्या.

मे गेला, पराग धुऊन गेला, काजवे आले. मी एक पान वाचायचे आणि त्या तीन पानांएवढं बोलायच्या. आईच्या एप्रनचा वास. कोळ्याच्या होडीवर डुकराचं नाव घ्यायचं नाही हा नियम. शाळेत असं बोललं की हातावर चामड्याचा पट्टा बसायचा, आणि मारणारा मास्तर घरी जाऊन बायकोशी तसंच बोलायचा. सगळं मला समजायचं नाही. विचारलं तर त्या पुन्हा सांगायच्या, पण इंग्रजीत नाही. मीही कधीकधी मराठीत 'हाव' म्हणायचे आणि त्यांना ते चालायचं. बारा पानांचा हिशेब मी जूनच्या पहिल्या आठवड्यात सोडून दिला. नोंदींचे कागद मात्र भरत राहिले. एवढं सुटत नाही.

शेवटच्या शनिवारी मुलगा आला होता. पंचावन्नचा असेल, उंच, अत्यंत सभ्य माणूस. त्याने माझे आभार मानले आणि घरातून खोकी गाडीत नेऊ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघणार होते. आम्ही व्हरांड्यात बसलो. पान एकशे एकतीस. म्हातारीची मैत्रीण कारखाना सोडून परदेशी जायला निघते आणि म्हातारी तिला निरोप द्यायच्या ऐवजी तिच्याशी कडाक्याचं भांडते, अशी जागा होती. मी वाचत होते. आजींनी मला थांबवलं आणि ते भांडण पुस्तक बाजूला ठेवून स्वतःच पुढे नेलं, दोन्ही बायकांच्या तोंडचं, आवाज चढवत, टेबलावर बोट आपटत.

जाळीच्या दारापाशी मुलगा खोकं हातात घेऊन उभा होता. केव्हापासून ते मला माहीत नाही.

"मॉम," तो म्हणाला. "तू कोणासारखी बोलते आहेस?"

आजी त्याच्याकडे वळल्या. मग तो दिसावा म्हणून मान थोडी बाजूला केली.

"माय्या मायसारखी," त्या म्हणाल्या.

त्याला शब्द कळले असतील असं मला वाटत नाही. त्याने खोकं जमिनीवर ठेवलं. आत जाईल असं वाटलं, पण तो त्या खोक्यावरच बसला, गुडघे वर आलेले, आणि हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा.

"काहून थांबली वं?" आजी मला म्हणाल्या. "वाच ना."

मी चिठ्ठी नीट बसवली आणि वाचायला लागले.